घरच्या पत्त्यावर एफएफएल लायसन्स: छोट्या गन ट्रान्सफरसाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत काय करायचं

रेंजवर ओळख झालेले, मंडळाच्या कार्यक्रमात भेटणारे, बरेच जण विचारतात की गनचं डीलर लायसन्स घरच्या पत्त्यावर खरंच मिळतं का, आणि मिळत असेल तर सुरुवात कुठून करायची. मिळतं. पण इंटरनेटवर जे सापडतं ते एक तर वकिली भाषेत असतं नाहीतर कोणीतरी कोर्स विकत असतो, म्हणून सगळं एकदा मराठीत लिहून काढतोय. हे सगळं अमेरिकेतलं आहे आणि मी टेक्सासात डॅलसच्या बाजूच्या एका सबर्बात राहतो, त्यामुळे उदाहरणं इथलीच येतील. मी वकील नाही, तुमच्या राज्याचं तुम्ही बघून घ्या.

आधी ट्रान्सफर म्हणजे काय ते सांगतो. समजा तुमच्या मित्राने दुसऱ्या राज्यातल्या दुकानातून ऑनलाइन पिस्तूल घेतलं, तर ते कुरिअरने थेट त्याच्या दारात येत नाही, फेडरल कायद्याने ते त्याच्या स्वतःच्या राज्यातल्या लायसन्सवाल्या डीलरकडे यावं लागतं. तो डीलर वहीत नोंद करतो, मित्राकडून फॉर्म ४४७३, म्हणजे गन घेणाऱ्याने आपली माहिती लिहून सही करायचा फेडरल फॉर्म, भरून घेतो, बॅकग्राउंड चेक करतो आणि सगळं ठीक असेल तर गन हातात देतो. या कामाची फी असते, साधारण २० ते ५० डॉलरच्या मधे. हेच काम घरातून करायला जे लायसन्स लागतं ते एफएफएल, म्हणजे फेडरल फायरआर्म्स लायसन्स, आणि ते देते एटीएफ, म्हणजे दारू, तंबाखू, शस्त्रं आणि स्फोटकं यांचे नियम बघणारं फेडरल खातं. भारतात कलेक्टर किंवा पोलिस आयुक्त शस्त्र बाळगायचा परवाना देतात, त्याच्याशी याचा काही संबंध नाही, हे धंद्याचं लायसन्स आहे.

१. आधी बघा की तुम्ही यात बसता का

वय २१ पूर्ण पाहिजे. गन बाळगायला कायद्याने बंदी असलेल्यांमध्ये तुम्ही असता कामा नये, म्हणजे फेलनी (गंभीर गुन्हा), घरगुती हिंसाचाराचा गुन्हा किंवा कोर्टाचा तसा मनाई हुकूम, बेकायदा ड्रग्जचा वापर वगैरे. गांजाचं लक्षात ठेवा, तुमच्या राज्यात कायदेशीर असला तरी फेडरल फॉर्मवर त्याला सूट नाही आणि तसं फॉर्मवरच छापलेलं आहे.

आता आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ हे सगळे नॉनइमिग्रंट व्हिसा आहेत आणि नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला गन किंवा गोळ्या बाळगायलाच फेडरल कायद्याने बंदी आहे, राज्याचं हंटिंग लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडले तर. त्या अपवादाच्या जोरावर डीलर व्हायचा विचार डोक्यातून काढून टाका. एच-४ ईएडीवर नोकरी-धंदा करता येतो म्हणून हेही चालेल असं बऱ्याच जणांना वाटतं, पण कामाची परवानगी वेगळी आणि गनची बंदी वेगळी. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही आणि सिटिझन असाल तर प्रश्नच नाही.

दुसरं म्हणजे तुमचा हेतू. स्वतःसाठी होलसेल भावात गन मिळाव्यात एवढ्यासाठी हे लायसन्स देत नाहीत, खरोखर धंदा करायचा इरादा लागतो. २०२२ च्या बायपार्टिझन सेफर कम्युनिटीज कायद्याने धंद्याची व्याख्या बदलली, आता मुख्य उद्देश नफा कमावणं एवढं पुरतं, पोट त्याच्यावर चालायला पाहिजे असं नाही. म्हणजे नोकरी सांभाळून शनिवारी चार ट्रान्सफर फी घेऊन करणारा माणूस यात बसतो, स्वतःचं कलेक्शन वाढवणारा बसत नाही. फक्त जुन्या, संग्रही गन जमवायच्या असतील तर टाइप ०३ नावाचं कलेक्टरचं लायसन्स आहे, तीन वर्षांना ३० डॉलर, पण त्याच्यावर दुसऱ्यांच्या ट्रान्सफरचा धंदा करता येत नाही.

२. शहर, एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची असोसिएशन), घरमालक: पैसे भरायच्या आधी हे

माझ्या मते पूर्ण प्रकरणातली खरी पायरी ही आहे, बाकी सगळा फॉर्म भरायचा उद्योग. लोक उत्साहात आधी २०० डॉलर भरून फॉर्म पाठवतात आणि मग एटीएफच्या अधिकाऱ्याने विचारलं की सिटी हॉलमध्ये धावतात, आणि तिथे गाडी अडते.

अडते का, ते समजून घ्या. एटीएफच्या नियमात धंद्याच्या जागेची व्याख्या आहे आणि तिच्यात स्पष्ट म्हटलंय की ज्या राहत्या घराचा कुठलाही भाग लोकांसाठी खुला नाही ते घर धंद्याची जागा धरलं जाणार नाही. म्हणजे ग्राहक आत येऊ शकेल अशी एखादी खोली, गॅरेजचा भाग, काहीतरी पाहिजे. आणि दुसरीकडे बऱ्याच शहरांचा घरगुती धंद्याचा नियम, ज्याला इथे होम ऑक्युपेशन म्हणतात, तो नेमका उलटं सांगतो: घरी ग्राहक येऊ नयेत, बोर्ड लावू नये, माल दिसू नये, बाहेरचा नोकर ठेवू नये. काही शहरं अपॉइंटमेंटने एका वेळी एक ग्राहक चालवून घेतात, काही अजिबात नाही, आणि काही शहरांच्या नियमात घरातून गन विकायला नावानिशी बंदी आहे. फॉर्मवर तुम्ही सही करून सांगता की हा धंदा राज्याच्या आणि स्थानिक कायद्यात बसतो. तिथे दोन्हीकडचं जुळलं नाही तर फॉर्म कितीही सुबक भरलेला असो, उपयोग नाही.

म्हणून आधी आपल्या शहराच्या वेबसाइटवर झोनिंगचा, म्हणजे कुठल्या जागेत काय करता येतं त्याचा, नियम शोधा, होम ऑक्युपेशनचं कलम पूर्ण वाचा, आणि मग प्लॅनिंग अँड झोनिंग खात्याला ईमेल करा. फोन करू नका. फोनवर जो उचलतो तो गन हा शब्द ऐकून पटकन नाही म्हणून मोकळा होतो आणि तुमच्या हातात लेखी काहीच राहत नाही. ईमेलमध्ये काय होणार ते खरं खरं लिहा: फक्त अपॉइंटमेंटने, एका वेळी एक गाडी, बोर्ड नाही, घरात शोरूम नाही, गोळीबार नाही, पार्सल नेहमीच्याच कुरिअरने येणार, ग्राहकाची आधीच विकत घेतलेली वस्तू कागदपत्रं करून द्यायची. परमिट लागत असेल तर कुठलं आणि फी किती तेही विचारा. उत्तर आलं की प्रिंट काढून फाइलला लावा, पुढे इंटरव्ह्यूला हाच कागद कामाला येतो. शहराच्या हद्दीबाहेर राहत असाल तर काउंटीला विचारा.

ह्यूस्टनवाले म्हणतील आमच्याकडे झोनिंगच नाही. बरोबर आहे, पण तिथे डीड रिस्ट्रिक्शन्स, म्हणजे जागेच्या वापरावरची बंधनं, असतात आणि त्या जागेच्या कागदपत्रात लिहिलेल्या असतात, त्या वाचाव्या लागतात.

एचओए हा वेगळा विषय. एचओएचे नियम हा सरकारी कायदा नाही, तो तुमचा त्यांच्याशी झालेला करार आहे, त्यामुळे एटीएफचा मुख्य रोख शहर आणि राज्याच्या कायद्यावर असतो. पण लायसन्स मिळालं म्हणजे एचओए गप्प बसेल असं नाही, नियमात घरातून धंदा करायला मनाई असेल तर ते दंड लावू शकतात, कोर्टात जाऊ शकतात, आणि शेजाऱ्याने एक तक्रार केली की पुरे. भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी आधी आणि लेखी घ्या. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना मी सरळ सांगतो, नका या भानगडीत पडू.

टेक्सासात राज्याचं वेगळं डीलर लायसन्स नाही म्हणून आमचं सोपं आहे. एडिसनला किंवा बे एरियात राहणाऱ्यांनी हे गृहीत धरू नये. न्यू जर्सीत राज्याचं रिटेल डीलर लायसन्स वेगळं लागतं, कॅलिफोर्नियात सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी आणि राज्याच्या डीलर यादीत नाव लागतं, इलिनॉयमध्ये २०१९ पासून राज्याचं सर्टिफिकेशन आहे. अशा राज्यांत कॅमेरे, अलार्म, ट्रेनिंग असल्या अटी वाढतात आणि घरगुती छोट्या धंद्याचं गणित कोलमडतं.

३. कुठलं टाइप आणि कुठल्या नावाने

ट्रान्सफरसाठी टाइप ०१, डीलर. पहिल्या तीन वर्षांची फी २०० डॉलर, नंतर दर तीन वर्षांनी रिन्यूअल ९० डॉलर. टाइप ०७ हे बनवणाऱ्यांचं, तीन वर्षांना १५० डॉलर, स्वस्त दिसतं म्हणून काही जण तेच घ्या सांगतात, पण बनवायचं काही नसेल तर त्या वाटेला जाऊ नका, नसती लफडी मागे लागतात. सप्रेसर (गनचा आवाज कमी करणारा भाग), मशीनगन वगैरेसाठी एसओटी नावाचा वार्षिक टॅक्स वेगळा, सुरुवातीला गरज नाही.

नाव स्वतःचं की एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची छोटी कंपनी? एलएलसीचे फायदे आहेत, पण एक फरक कोणी सांगत नाही. सोल प्रोप्रायटर, म्हणजे धंदा स्वतःच्याच नावावर, असाल तर धंद्यातली गन स्वतःच्या कलेक्शनला घेताना वहीत नोंद करून भागतं, ४४७३ भरावा लागत नाही. एलएलसी ही वेगळी व्यक्ती, तिच्याकडून तुम्ही घेताय म्हटल्यावर स्वतःसाठीसुद्धा ४४७३ आणि चेक. आणि एलएलसीत बायकोचं किंवा भावाचं नाव नुसतं शोभेला घालू नका. ज्याच्या हातात धंद्याचे निर्णय तो रिस्पॉन्सिबल पर्सन धरला जातो, त्याचेही ठसे, फोटो आणि सगळे प्रश्न आले. ती व्यक्ती एच-४ किंवा एच-१बीवर असेल तर अर्ज तिथेच आपटतो.

४. फॉर्म ७ आणि सोबतचे कागद

फॉर्मचं नाव फॉर्म ७, नंबर ५३१०.१२. पार्ट ए धंद्याबद्दल, पार्ट बी प्रत्येक रिस्पॉन्सिबल पर्सनने वेगळा भरायचा. जमवायच्या गोष्टी:

- भरलेला आणि सही केलेला फॉर्म ७, दोन्ही भाग
- दोन बाय दोन इंचाचा फोटो
- एफडी-२५८ कार्डावर बोटांचे ठसे, पोलिस स्टेशन किंवा प्रायव्हेट सेंटरमधून घेतलेले
- फी
- फॉर्मची एक कॉपी स्थानिक पोलिस प्रमुख किंवा शेरीफला पाठवायची
- एलएलसी असेल तर तिची कागदपत्रं
- स्वतःच्या फाइलसाठी: झोनिंगचं उत्तर, परमिट, सेल्स टॅक्स परमिट, भाड्याचं घर असेल तर मालकाचं पत्र

पोलिस प्रमुखाला कॉपी पाठवायची म्हणजे परवानगी मागायची नाही, फक्त कळवायचं. पण कॉपी न पाठवताच पाठवली असं सांगू नका, इंटरव्ह्यूला विचारतात. सेल्स टॅक्स परमिट टेक्सासात कंप्ट्रोलरकडे फुकट मिळतं.

फॉर्मवर धंद्याच्या वेळा लिहायच्या असतात आणि इथे लोक हात मोकळा सोडतात. सोमवार ते शनिवार ९ ते ६ असं ऐटीत लिहिलंत की त्या वेळात एटीएफचा माणूस दारात आला तर तुम्ही घरी असणं अपेक्षित आहे, आणि तुम्ही तर ऑफिसला. जेवढं खरंच जमतं तेवढंच लिहा, दोन संध्याकाळ आणि शनिवार सकाळ बस झालं.

नाव तंतोतंत. आपल्याकडे मधलं नाव वडलांचं किंवा नवऱ्याचं, पासपोर्टवर ते कधी गिव्हन नेममध्ये चिकटलेलं, ड्रायव्हिंग लायसन्सवर वेगळं, सोशल सिक्युरिटी कार्डावर तिसरंच. अर्ज करायच्या आधी हे एकसारखं करून घ्या, ठसे आणि फॉर्मवर नाव वेगळं दिसलं की उशीर ठरलेला.

५. पाठवल्यानंतर आणि इंटरव्ह्यू

फॉर्मवर छापलेल्या पत्त्यावर पाकीट पाठवायचं, फी कापली गेली की समजायचं पोचलं. मग ते वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला एटीएफच्या लायसन्सिंग सेंटरला जातं, तिथे ठसे आणि बॅकग्राउंड बघतात, आणि तिथून तुमच्या भागातल्या ऑफिसला. कायद्यात मुदत ६० दिवसांची आहे पण ती अर्ज पूर्ण आणि बिनचूक मिळाल्यापासून, त्यामुळे एक चौकट कोरी राहिली तर तुमचे दिवस सुरूच झालेले नसतात.

मग फोन येतो इंडस्ट्री ऑपरेशन्स इन्व्हेस्टिगेटरचा, सगळे आयओआय म्हणतात. हा पोलिस एजंट नाही, नियम तपासणारा अधिकारी आहे, गन लावून दारात येत नाही. घरी येतो, जागा बघतो, गन कुठे ठेवणार, ग्राहक कुठे बसणार, वेळा काय, शहराची परवानगी कुठे आहे विचारतो, आणि नंतर नियमांची यादी एक एक करून वाचून समजावतो आणि त्याखाली तुमची सही घेतो. कंटाळा करू नका, हीच तुमची फुकटची शिकवणी आहे, मनात असतील ते सगळे प्रश्न तेव्हाच विचारा. हेतू विचारला तर सरळ सांगा की फी घेऊन ट्रान्सफर करायच्या आहेत. मित्रांसाठी आणि स्वतःसाठी स्वस्तात घ्यायला, असं हसत हसत म्हणालात तर संपलं.

६. लायसन्स हातात आलं, पहिल्या गनच्या आधी

लायसन्स धंद्याच्या जागी लावा आणि सही केलेल्या कॉप्या करून ठेवा, कारण पाठवणारा डीलर ती मागणारच. एफबीआयच्या बॅकग्राउंड चेकच्या यंत्रणेला, म्हणजे एनआयसीएसला, सगळे त्याला निक्स म्हणतात, तिथे डीलर म्हणून नोंदणी करा, फोनने किंवा ई-चेकने काम होतं. काही राज्यांत चेक एफबीआयकडून न होता राज्याकडून होतो, टेक्सासात थेट निक्स.

वही लागते, तिला बाउंड बुक म्हणतात. पानं शिवलेली छापील वही चालते, सॉफ्टवेअरही चालतं पण त्याच्या अटी आहेत, बॅकअप, ठरावीक काळाने प्रिंट वगैरे. महिन्याला पाच-दहा ट्रान्सफर करणाऱ्याला कागदी वही उत्तम, बंद पडत नाही. ४४७३ चे फॉर्म एटीएफ फुकट पाठवते. अल्पवयीन आणि हँडगनबद्दलचं पोस्टर भिंतीवर लावायचं आणि हँडगन देताना त्याचं पत्रक सोबत द्यायचं. हँडगनसोबत लॉक किंवा तसं सुरक्षेचं साधन देणंही कायद्याने बंधनकारक आहे, बहुतेक नव्या गनच्या डब्यात असतं, जुनी असेल तर तुमच्याकडचं केबल लॉक द्या.

तिजोरी चांगली घ्या, जमिनीला बोल्ट करा. आणि तिचा नंबर घरात दुसऱ्या कोणालाही नको. पोरं आणि पोरांचे मित्र हे कारण तर आहेच, पण घरात कोणी, अगदी आईवडील भारतातून व्हिजिटर व्हिसावर आलेले असले तरी, त्यांच्या हातात गनचा ताबा जाईल अशी व्यवस्था कायद्यात बसत नाही. घराचा इन्शुरन्स धंद्यातल्या मालाला सहसा लागू होत नाही, एजंटला विचारून वेगळी पॉलिसी घ्या.

७. एक ट्रान्सफर, डबा येण्यापासून ग्राहक जाण्यापर्यंत

ग्राहकाने ऑर्डर दिली की विकणारा तुमच्या लायसन्सची कॉपी मागतो. तुम्हीही समोरच्याचं लायसन्स एटीएफच्या ईझी चेक साइटवर तपासा, नंबरचे पहिले तीन आणि शेवटचे पाच आकडे टाकले की दिसतं. ग्राहकाला आधीच सांगून ठेवा की डब्यात त्याचं नाव आणि फोन असलेली चिठ्ठी घालायला लावा, नाहीतर गन येते आणि कोणाची ते कळत नाही.

डबा आला की उघडा आणि गनवरचा नंबर स्वतः वाचा. इन्व्हॉइसवरचा नाही, डब्यावरचा नाही, गनवरचा. बनवणारा, आयात केली असेल तर आयात करणारा, मॉडेल, सिरियल, प्रकार, कॅलिबर, कोणाकडून आली आणि कधी, हे सगळं पुढच्या कामाच्या दिवसाच्या शेवटापर्यंत वहीत चढलं पाहिजे. मी डबा उघडला की वही उघडतो, उद्यावर ढकलायचंच नाही. एआर रायफलचा नुसता लोअर, म्हणजे सिरियल नंबर असलेला खालचा भाग, आला असेल तर तो रायफल म्हणून लिहायचा नाही, रिसीव्हर लिहायचा, आणि तो घ्यायला वय २१ लागतं. १८ व्या वर्षी पूर्ण रायफल किंवा शॉटगन घेता येते, हँडगनला डीलरकडून २१.

ग्राहक येतो. फोटो आयडी बघा, त्यावर आत्ता राहतो तोच पत्ता पाहिजे. घर बदललं असेल आणि लायसन्सवर जुना पत्ता असेल तर दुसरा सरकारी कागद जोडता येतो, गाडीचं रजिस्ट्रेशन चालतं, विजेचं खासगी कंपनीचं बिल चालत नाही. तो दुसऱ्या राज्याचा रहिवासी असेल तर हँडगन त्याला देताच येत नाही, त्याच्या राज्यातल्या डीलरकडे पाठवा.

मग ४४७३. ग्राहकाचा भाग ग्राहकानेच भरायचा, तुम्ही पेन हातात घ्यायचं नाही. भरून झाल्यावर निक्सला विचारा, उत्तर तीनपैकी एक येतं: प्रोसीड, डिलेड, डिनाइड. सोबत येणारा व्यवहार नंबर फॉर्मवर लिहा. प्रोसीड आलं आणि ग्राहक गन न घेताच गेला तर तो चेक ३० दिवस चालतो, नंतर नवा. डिलेड आलं आणि तीन कामाचे दिवस उलटूनही नकार आला नाही तर फेडरल कायदा तुम्हाला गन द्यायची मुभा देतो, सक्ती करत नाही. २१ पेक्षा लहान ग्राहकाला ही वाट दहा कामाच्या दिवसांपर्यंत लांबू शकते. मी स्वतः पक्कं उत्तर आल्याशिवाय देत नाही, आणि हे मी अपॉइंटमेंट देतानाच सांगतो म्हणजे दारात वाद नाही.

टेक्सासचं एलटीसी, म्हणजे हँडगन सोबत बाळगायचा राज्याचा परवाना, असलेल्याला निक्सचा फोन लागत नाही, पण ४४७३ लागतोच, हे एलटीसीवाल्यांनाच पटवून द्यावं लागतं.

गन दिली की सात दिवसांच्या आत वहीच्या उजव्या बाजूला, कोणाला आणि कधी. तेही त्याच वेळी लिहून टाका. आणि हो, गन ग्राहकाच्या घरी नेऊन द्यायची नाही. लायसन्स तुमच्या पत्त्याचं आहे, राज्यातल्या गन शोची सवलत सोडली तर धंदा त्याच पत्त्यावर.

एकाच गावातले दोन ओळखीचे आपसात विकायचं म्हणून तुमच्याकडे चेक करायला आले तर विकणाऱ्याला उत्तर येईपर्यंत बसवून ठेवा, चहा करा. तो गन तुमच्याकडे ठेवून निघून गेला आणि घेणाऱ्याला नकार आला, तर तीच गन मूळ मालकाला परत देतानाही ४४७३ आणि चेक करावा लागतो, आणि तो माणूस चिडतो.

८. ४४७३ मध्ये हमखास अडखळायच्या जागा

तपासणीत सगळ्यात जास्त काढतात त्या याच चुका. काउंटीची चौकट कोरी. शहराच्या हद्दीत राहता का, या प्रश्नाला उत्तर नाही. पत्त्यात पीओ बॉक्स. तारीख चुकलेली किंवा सही नाही. चूक दुरुस्त करताना व्हाइटनर वापरायचा नाही, एक रेघ मारायची, बाजूला सही-तारीख, आणि ग्राहकाच्या भागातली चूक ग्राहकानेच दुरुस्त करायची. गन दिल्यानंतर चूक दिसली तर मूळ फॉर्मला हात न लावता त्याची झेरॉक्स काढून तिच्यावर दुरुस्ती करून मूळ फॉर्मला जोडायची.

आपले लोक ग्राहक म्हणून आले की आणखी दोन गोष्टी येतात. फॉर्मवर विचारतात, तुम्ही कधी अमेरिकेचं नागरिकत्व सोडलंय का. ज्यांनी सिटिझन होताना भारताचा पासपोर्ट सरेंडर केला आणि ते सर्टिफिकेट जपून ठेवलंय ते गोंधळून हो वर टिक करतात. प्रश्न अमेरिकेच्या नागरिकत्वाचा आहे, भारताच्या नाही. अशा वेळी प्रश्न पुन्हा नीट वाचा एवढंच सांगायचं, उत्तर तुम्ही सुचवायचं नाही. आणि ग्रीन कार्डवाल्याने त्याचा एलियन नंबर भरलाच पाहिजे, त्यांच्या चेकला इमिग्रेशनच्या रेकॉर्डची तपासणीही होते म्हणून डिलेड बऱ्याचदा येतं, घाबरायचं कारण नाही. टेक्सासच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर लिमिटेड टर्म असं दिसलं की मात्र थांबा आणि व्हिसाचं विचारा.

९. नाही म्हणायची तयारी

जो पैसे देतोय आणि जो फॉर्म भरतोय ते वेगळे वाटले तर थांबा. दुसऱ्यासाठी आपल्या नावावर गन घेणं म्हणजे स्ट्रॉ परचेस, २०२२ पासून त्याचा वेगळा फेडरल गुन्हा आहे आणि शिक्षा १५ वर्षांपर्यंत. अब्राम्स्की खटल्यात २०१४ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्याच्यासाठी घेतली तो स्वतः घ्यायला पात्र असला तरीही खरा खरेदीदार मी आहे असं खोटं लिहिणं गुन्हाच आहे, आणि तिथे तर पुतण्याने काकासाठी घेतली होती. स्वतःच्या पैशाने घेऊन खरोखर भेट देणं चालतं.

आपल्यात हे ओळखीपाळखीने येतं. "अरे तो एच-१बीवर आहे रे, त्याला घेता येत नाही, मी माझ्या नावावर घेतो, ठेवेल तो." असं कोणी तुमच्यासमोर बोललं की त्या दिवशी ती गन जात नाही, मग तो तुमचा कितीही जवळचा असो. असा संशय आला तर कायदा तुम्हाला नकार द्यायची मुभा देतो.

१०. रिपोर्ट आणि तपासणी

एकाच ग्राहकाला पाच सलग कामाच्या दिवसांत दोन किंवा जास्त हँडगन दिल्या तर त्याच दिवशी रिपोर्ट जातो, फॉर्म ३३१०.४. टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियात काही सेमी-ऑटोमॅटिक रायफलींसाठीही असाच वेगळा रिपोर्ट आहे. गन हरवली किंवा चोरीला गेली तर लक्षात आल्यापासून ४८ तासांत एटीएफला आणि स्थानिक पोलिसांना कळवायचं. एटीएफने एखाद्या गनचा माग विचारला तर २४ तासांत उत्तर, म्हणजे ऑफिसच्या मीटिंगमध्ये असलात तरी फोन उचलायचा.

वर्षातून एकदा वॉरंटशिवाय तपासणी करायचा त्यांना अधिकार आहे. २०२१ साली कडक धोरण आणलं होतं, ठरावीक चुकांवर थेट लायसन्स रद्द, ते २०२५ मध्ये मागे घेतलं, पण चूक ती चूकच, रेकॉर्ड राहतं.

११. परवडतं का

पैशासाठी करत असाल तर नका करू. ३० डॉलर फी धरली आणि महिन्याला आठ ट्रान्सफर धरल्या तर २४० येतात, त्यातून इन्शुरन्स, तिजोरीचा खर्च, सेल्स टॅक्सचे रिटर्न आणि तुमचे शनिवार. १९९० च्या सुरुवातीला हे लायसन्स वर्षाला १० डॉलरला मिळायचं आणि देशात अडीच लाखांच्या आसपास डीलर होते, घरोघरचे किचन टेबल डीलर त्यातलेच. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने फी वाढवली, १९९४ ला फोटो, ठसे आणि स्थानिक कायद्याची अट आली आणि बहुतेक घरगुती डीलर काही वर्षांत बंद झाले. आता जे घरून करतात ते हौशीने किंवा रिटायर झाल्यावर, नाहीतर आसपास तीस मैलांत दुसरा डीलर नाही म्हणून.

घर बदलणार असाल तर निदान ३० दिवस आधी फॉर्म ५३००.३८ पाठवा, नव्या पत्त्याचं लायसन्स येईपर्यंत तिथे धंदा करता येत नाही आणि नव्या शहराचं झोनिंग पुन्हा पहिल्यापासून. ४४७३ आणि वह्या आता धंदा चालू असेपर्यंत ठेवाव्या लागतात, २०२२ पर्यंत २० वर्षांनंतर टाकता यायच्या, तो नियम गेला. कायमचं बंद केलंत तर सगळे कागद ३० दिवसांच्या आत मार्टिन्सबर्गला एटीएफकडे पाठवायचे, घरच्या श्रेडरमध्ये नाही.